घोडा 'जी' झाला: खच्ची केलेल्या घोड्याची शर्यत कशी वाचायची आणि पैज कधी लावायची

रेसकार्डात, म्हणजे त्या दिवसाच्या शर्यतींच्या छापील यादीत, प्रत्येक घोड्याच्या नावाजवळ रंग, लिंग आणि वय बारीक अक्षरांत छापलेलं असतं. 'सी' म्हणजे कोल्ट, खच्ची न केलेला तरुण नर. 'एच' म्हणजे तोच, पण वयाने मोठा झालेला. 'एफ' म्हणजे फिली, तरुण घोडी; 'एम' म्हणजे मेअर, वयाने मोठी घोडी; आणि 'जी' म्हणजे गेल्डिंग, खच्ची केलेला नर. मागच्या शर्यतीला 'सी' असलेला घोडा या वेळी 'जी' होऊन आला, की शौकिनांत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, आता हा सुधारणार, डोळे मिटून लावा. दुसरा म्हणतो, याची ताकदच गेली. दोघेही त्या एका अक्षरावर फार मोठा भार टाकतात.

दुसऱ्याच्या गैरसमजाला आपली भाषाही थोडी कारणीभूत आहे. मराठीत 'खच्चीकरण' म्हणजे एखाद्याचं बळ आणि उमेद काढून घेणं. पण विदर्भातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावतात तो बैल खच्चीच असतो, आणि दिवसभर नांगराला त्याच्याइतकं नेटाने कोणी चालत नाही. घोड्याचंही पुष्कळसं तसंच आहे. अंड काढल्याने वेग वाढत नाही, आणि धावण्याची ताकद नाहीशीही होत नाही. बदलतं ते इतकंच, की असलेली ताकद शर्यतीत कुठे आणि कधी खर्च होते. म्हणून प्रश्न एकच विचारायचा: हा घोडा आजवर कशामुळे हरत होता, आणि ते कारण खच्ची केल्याने दूर होण्यासारखं आहे का?

नागपुरात शर्यतींचा हंगाम भरत नाही. इथल्या शौकिनाचं लक्ष मुंबईचं महालक्ष्मी, पावसाळ्यात पुणं, किंवा साधारण 500 किलोमीटरवरचं हैदराबादचं मलकपेट यांच्याकडे असतं. म्हणजे बहुतेक वेळा घोडा प्रत्यक्ष पाहायला मिळत नाही. कार्ड, जुने निकाल, ट्रॅकवर्कच्या (सकाळच्या सरावाच्या) वेळा आणि चित्रफिती यांवरूनच मत बनवावं लागतं. पुढची पद्धत तेच धरून मांडली आहे.

शरीरात नेमकं काय होतं

शस्त्रक्रियेत दोन्ही अंड काढली जातात. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन एक-दोन दिवसांतच तळाला जातं. पण त्या संप्रेरकाने आधी घडवलेल्या गोष्टी त्याच दिवशी जात नाहीत. मानेवरचा जाड उभार, पुढच्या धडाचा भरदारपणा हळूहळू, काही महिन्यांत उतरतो. सवयींचंही तसंच. फिली दिसली की खिंकाळायचं, मागच्या पायांवर उभं राहायचं, ही वर्तणूक काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत टिकते. आणि साधारण 20 ते 30 टक्के घोड्यांत ती थोडीफार कायमचीच राहते. शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांनी चित्रफितीत घोडा पूर्वीसारखाच मस्ती करताना दिसला, तर 'उपयोग झाला नाही' असा निकाल लगेच देऊ नये.

पुढच्या धडाच्या मुद्द्याकडे लोक फारसं लक्ष देत नाहीत. उभ्या घोड्याच्या वजनाचा जवळपास 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. भारदस्त मानेचा, रुंद छातीचा कोल्ट वयात येतो तसा आणखी पुढे झुकत जातो, आणि त्याच्या पुढच्या पायांच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि सांधे आधी कुरकुरू लागतात. खच्ची केल्यावर तो भार थोडा कमी होतो. गेल्डिंग सात-आठ वर्षांपर्यंत धावताना दिसतात त्यामागे हे एक कारण आहे. दुसरं कारण सरळ व्यवहाराचं: चांगल्या कोल्टची स्टड फार्म, म्हणजे पैदाशीची पागा, वाट पाहत असते, गेल्डिंगला धावण्याखेरीज दुसरं कामच नसतं.

तोट्याची बाजूही आहे. टेस्टोस्टेरॉन स्नायू बांधायला आणि तांबड्या पेशी वाढवायला मदत करतं. ती मदत थांबते. ज्या घोड्याचा जोर निव्वळ दांडगाईत होता, 1000-1200 मीटर एका दमात खेचण्यात होता, त्याचा वाढलेला समंजसपणा त्याला फार उपयोगी पडेलच असं नाही. लहान वयात, वाढ पूर्ण होण्याआधी खच्ची केलेल्या घोड्याच्या हाडांच्या टोकांची वाढ थोडी उशिरा थांबते आणि तो किंचित उंच होतो. पैजेच्या दृष्टीने याला फारसं महत्त्व नाही.

कशासाठी खच्ची केला, हे आधी शोधा

पूर्ण निर्णयाचा कणा हाच आहे. कारणं पाच प्रकारची असतात आणि प्रत्येकाचा पुढचा परिणाम वेगळा.

पहिलं, डोकं ठिकाणावर नसणं. परेडच्या रिंगणात घामाने चिंब, मांड्यांच्या मध्ये पांढरा फेस, स्टार्टिंग गेटमध्ये आडवं होणं, सुटल्यावर पहिले 600 मीटर जॉकीशी लगामाची ओढाताण, आणि शेवटच्या 400 मीटरला पेटारा रिकामा. या घोड्याकडे वेग असतो. तो शर्यत सुरू व्हायच्या आधी आणि पहिल्या वळणापर्यंत उधळून टाकतो. खच्ची केल्याचा सर्वांत स्पष्ट फायदा याच प्रकारात दिसतो.

दुसरं, शारीरिक त्रास. एखाद्याचं एक अंड पोटात किंवा जांघेच्या नळीत अडकून राहिलेलं असतं. त्याने मागच्या पायाची चाल आखडते, घोडा एकाच बाजूला कलतो, लांब टप्पा टाकत नाही. अमेरिकेतला फनी साइड हा अशाच कारणाने खच्ची केलेला घोडा. 2003 साली त्याने केंटकी डर्बी जिंकली, आणि 1929 नंतर ती जिंकणारा तो पहिला गेल्डिंग ठरला. दुखणं गेलं की चाल मोकळी होते, म्हणून या प्रकारातली सुधारणा लवकर दिसते. मात्र बाहेरच्या माणसाला हे कारण क्वचितच कळतं.

तिसरं, जड शरीर आणि पायांची काळजी. इथे फायदा खरा, पण सावकाश. पहिल्या शर्यतीत शोधू नका, पुढच्या हंगामात शोधा.

चौथं, सोय. स्टडसाठी उपयोग नसलेला कोल्ट सांभाळायला सोपा जावा म्हणून खच्ची करतात. हाँगकाँगमध्ये घोड्यांची पैदासच होत नाही, म्हणून तिथे धावणारे बहुतेक घोडे गेल्डिंगच असतात. सलग 17 शर्यती जिंकलेला सायलेंट विटनेस त्यांतलाच. ज्या तबेल्यात सगळेच खच्ची होतात तिथल्या 'जी' अक्षरावरून एकट्या घोड्याबद्दल काहीच कळत नाही.

पाचवं, शेवटचा उपाय. घोडा शांतपणे परेड करतो, गेटमधून नीट सुटतो, लगाम ऐकतो आणि तरीही दर वेळी घोड्याच्या दहा-बारा लांबींनी मागे राहतो. त्याचा दम कमी आहे, श्वासनलिकेत अडथळा आहे, पायाची कंडरा दुखावली आहे किंवा त्याची पात्रताच तेवढी आहे. अंडांचा याच्याशी संबंध नाही. अशा घोड्यांवर 'पहिल्यांदाच गेल्डिंग' म्हणून कमी भावातही पैजा लावल्या जातात आणि पैसे बुडतात.

इथे मोठ्या नावांचा दाखला जपून घ्यावा. केल्सो 1960 ते 1964 अशी सलग पाच वर्षं अमेरिकेचा 'हॉर्स ऑफ द इयर' होता. फोरेगो 1974 ते 1976 अशी तीन वर्षं. तापट म्हणून खच्ची केलेला जॉन हेन्री 1981 आणि पुन्हा 1984 साली, वयाच्या नवव्या वर्षी. 1930 चा मेलबर्न कप जिंकणारा फार लॅपही गेल्डिंगच. हे सगळे खरोखर थोर घोडे, पण याच तोडीचे कोल्ट तीन-चार वर्षांचे असतानाच स्टडला जातात, म्हणून दीर्घ कारकिर्दीच्या यादीत गेल्डिंगच उरतात. त्या यादीवरून खच्ची केल्याने घोडा थोर होतो असं सिद्ध होत नाही.

शस्त्रक्रियेपासून मैदानापर्यंतचं वेळापत्रक

शर्यतीच्या तारखेवरून मागे मोजून पाहता यावं, म्हणून हे क्रमाने समजून घ्या.

पहिला दिवस: पशुवैद्यक घोड्याला गुंगी देऊन उभ्यानेच, किंवा पूर्ण भूल देऊन आडवा करून शस्त्रक्रिया करतात. वृषणाची दोरी इमॅस्क्युलेटर नावाच्या चिमट्याने एकाच वेळी चेचून कापतात, म्हणजे रक्तवाहिनी बंद होते. बैलासाठी वापरतात तो बर्डिझो चिमटा इथे चालत नाही. जखम बहुधा उघडीच ठेवतात, पाणी निचरून जावं म्हणून. धनुर्वाताची लस झालेली असणं अत्यावश्यक. पहिले 24 तास घोडा बंद ठाणात, शांत.

दुसऱ्या दिवसापासून चालवणं सुरू. सईसाने दोरीवर धरून दिवसातून दोनदा 15-20 मिनिटं, मग वाढवत दुडकी चाल. हे टाळलं की सूज चढते. सूज तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत जास्त असते; मग उतरते. जखम भरायला दोन ते तीन आठवडे लागतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाठीवर स्वार, ट्रॉट (दुडकी) आणि हलका कँटर (सावकाश दौड). सहाव्या ते आठव्या आठवड्यापर्यंत पुन्हा वेगाचं काम. त्यानंतर एखादी मॉक रेस, म्हणजे सरावाची शर्यत, आणि मग खरी शर्यत. सगळं सुरळीत गेलं तरी शस्त्रक्रियेपासून पहिल्या शर्यतीपर्यंत दोन ते तीन महिने हा रास्त काळ. म्हणून मागची शर्यत आणि ही शर्यत यांत 45 दिवसांपेक्षा कमी अंतर असेल, तर घोडा पुरता तयार नाही असं धरून चाला. 75 ते 120 दिवसांचं अंतर आणि मधे ट्रॅकवर्कची सलग नोंद हे सर्वांत आश्वासक चित्र. सहा महिन्यांहून जास्त गेले असतील, तर मधे सूज, संसर्ग किंवा दुसरी एखादी दुखापत झाली असण्याची शक्यता वाढते.

ट्रेनरसाठी इथे एक सापळा असतो. जखमेसाठी दिलेल्या प्रोकेन पेनिसिलिनमधलं प्रोकेन हे स्थानिक भूल देणारं औषध आहे, आणि ते शर्यतीच्या चाचणीत दीर्घ काळ सापडू शकतं. सूज-वेदनेसाठीचं फिनाइलब्युटाझोनही तसंच निषिद्ध. सावध ट्रेनर म्हणूनच घाई करत नाही. आणि खच्ची केल्याची नोंद शर्यती भरवणाऱ्या क्लबकडे वेळेत होणं केवळ कार्डासाठी गरजेचं नसतं. आंतरराष्ट्रीय नियमांत टेस्टोस्टेरॉनची मर्यादा लिंगानुसार वेगळी आहे: गेल्डिंगच्या लघवीत दर मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅम, फिली आणि मेअरसाठी 55.

कागदावरून वाचायची पद्धत

1. मागच्या तीन कार्डांत लिंगाचं अक्षर तपासा. बदल नेमका कोणत्या शर्यतीनंतर झाला ते लिहून ठेवा. खच्ची होऊन चार शर्यती झाल्या असतील तर तो आता जुना गेल्डिंग आहे. त्याचे ताजे निकालच वाचा.

2. खच्ची होण्याआधीच्या शेवटच्या चार शर्यतींच्या चित्रफिती बघा. निकालाचा आकडा बाजूला ठेवून तीन क्षण पाहा: गेटमध्ये शिरताना, सुटल्यानंतर पहिले 400 मीटर, आणि शेवटचं वळण. जॉकीचे हात छातीशी ओढलेले, घोड्याचं डोकं वर, तोंड उघडं, हे सगळं पहिल्या प्रकारचं लक्षण. वळणावर जॉकी हात चालवतोय, चाबूक उचलतोय आणि घोडा प्रतिसाद देत नाही, तर तो बहुधा पाचवा प्रकार.

3. अंतर बघा. 1600 मीटरच्या शर्यतीत 1200 मीटरपर्यंत पुढे राहून कोसळणारा कोल्ट दोन कारणांनी कोसळत असेल: उधळेपणा किंवा दमाचा अभाव. लगामावर शांत असूनही कोसळला असेल, तर त्याला 1200 मीटरच हवेत. खच्ची केल्याने दम वाढत नाही. उधळून कोसळला असेल, तर गेल्डिंग झाल्यावर तोच 1600 मीटर पेलू शकतो. या दुसऱ्या घोड्याकडे बाजाराचं लक्ष बऱ्याचदा नसतं, कारण आकडेवारीत दोघे सारखेच दिसतात.

4. ट्रॅकवर्कच्या वेळा मिळवा. सकाळच्या सरावात 600 मीटर 38-40 सेकंदांत सहज पूर्ण होणं ही समाधानकारक गोष्ट. पण वेळेपेक्षा शेरा महत्त्वाचा. आधी 'जोर लावून' किंवा 'ओढत' असलेला शेरा आता 'सहज', 'हाताखाली' असा झाला असेल, तर डोक्यातला बदल कागदावर उतरला असं समजा. मॉक रेस झाली असेल तर ती दोनदा पाहा.

5. हँडिकॅप बघा, म्हणजे घोड्याच्या पात्रतेनुसार त्याला दिलेलं वजन. भारतात रेटिंगचा (पात्रतेच्या आकड्याचा) एक अंक म्हणजे अर्धा किलो. घोडा हरत गेला म्हणून त्याचं रेटिंग आठ अंकांनी खाली आलं असेल, तर तो चार किलो हलका धावतोय किंवा खालच्या वर्गात आलाय. शर्यत जिंकली तर श्रेय खच्ची करण्याला मिळतं, पण खरं काम त्या चार किलोंनी केलेलं असतं. वजनाची सवलत फिली-मेअरना असते. गेल्डिंग सामान्यतः कोल्टइतकंच वजन वाहतो.

6. सोबत काय बदललं ते नोंदवा: जॉकी, ट्रेनर, ब्लिंकर (डोळ्यांच्या कडेची झापडं), जीभ बांधायची पट्टी. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या असतील, तर कोणती कामी आली हे कधीच कळणार नाही, आणि तुमच्या वहीतली ती नोंद पुढच्या वेळी उपयोगी पडणार नाही.

7. शर्यतीची अट वाचा. काही प्रतिष्ठेच्या शर्यती गेल्डिंगना बंद असतात, कारण त्यांचा हेतू पैदाशीसाठी घोडे निवडणं हा आहे. इंग्लंडची एप्सम डर्बी त्यांतली. अमेरिकेत बेलमाँट स्टेक्सनेही 1919 ते 1957 या काळात गेल्डिंगना प्रवेश दिला नव्हता. यातून एक उपयोगी खूण मिळते: चांगल्या वंशावळीचा कोल्ट मालकाने खच्ची केला, म्हणजे त्याच्याकडून मोठ्या शर्यतीची आणि स्टडची आशा सोडली. त्याची पात्रता याआधी जेवढी सांगितली जात होती तेवढी मानू नका.

या सगळ्यात एक फसवणूक लपलेली असते, आणि ती जाणकारांनाही चकवते. घोडा खच्ची केला जातो तो बहुधा त्याच्या सर्वांत वाईट दोन-तीन शर्यतींनंतर. वाईटाच्या तळाला गेलेला कोणताही घोडा पुढच्या वेळी सरासरीकडे थोडा परततोच, काही न करताही. त्यात तीनचा चार वर्षांचा झालेला असतो, अडीच महिने विश्रांती मिळालेली असते. त्यामुळे 'खच्ची केल्यावर सुधारला' या वाक्यातला निम्मा भाग तरी वय, विश्रांती आणि वर्ग यांच्या खात्यावर टाकावा लागतो.

पॅडॉकमध्ये पाहायला मिळालं तर

मुंबई-पुण्याला किंवा हैदराबादला प्रत्यक्ष गेलात, तर शर्यतीआधीची दहा मिनिटं पॅडॉकच्या, म्हणजे घोडे फिरवून दाखवतात त्या रिंगणाच्या, कठड्याशी घालवा. कान पुढे-मागे सैल हलताहेत का, की मागे चिकटलेत? घाम फक्त मानेवर थोडा आहे की मांड्यांत फेस आहे? हवेत उकाडा असेल तर सगळेच घामाघूम असतात, म्हणून शेजारच्या घोड्यांशी तुलना करा. फिली पुढून गेली तर हा काय करतो? एकट्या सईसाच्या हातात शांत चालतोय, की दोघांनी धरलाय? मागून पाहताना मागच्या पायांचा टप्पा पुढच्या खुराच्या ठशापुढे पडतो का ते बघा. पडत असेल तर चाल मोकळी आहे.

जिथे घोड्याचं वजन जाहीर होतं तिथे मागच्या वेळेशी ताडून पाहा. 450-500 किलोच्या घोड्यात पाच-सात किलोंचा फरक किरकोळ. वीसेक किलो उतरले असतील आणि पाठीमागचा भाग बसलेला दिसत असेल, तर शस्त्रक्रियेतून तो अजून पुरता सावरलेला नाही.

भाव, शक्यता आणि कर

पैज लावायची ती परवाना असलेल्या क्लबच्या टोटवर (सगळ्यांच्या पैजा एकत्र करून त्यातूनच विजेत्यांना वाटणारी व्यवस्था) किंवा मैदानावरच्या परवानाधारक बुकीकडेच. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली दिला. महाराष्ट्रात मैदानांना परवाना 1912 च्या कायद्याखाली मिळतो. नागपुरात बसून फोनवर चोरट्या बुकीकडे लावलेल्या पैजेला यातलं कोणतंही संरक्षण नाही: तो गुन्हा आहे, आणि जिंकलेले पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही.

आता हिशेब. 4/1 भाव, म्हणजे एक रुपया लावला तर जिंकल्यावर तो परत आणि वर चार रुपये. बाजाराच्या मते शक्यता पाचात एक, 20 टक्के. 3/1 म्हणजे 25 टक्के. स्वतःचा अंदाज आधी लिहायचा, भाव नंतर बघायचा. उलट केलं की अंदाज भावाच्या मागे ओढला जातो.

समजा 'जी' अक्षर नसतं तर तुम्ही घोड्याला 16 टक्के दिले असते. तो पहिल्या प्रकारचा आहे, चित्रफीत आणि ट्रॅकवर्क दोन्ही साथ देतात. मग 16 चे 20 करा. आमच्या मते, पुरावा पक्का असतानाही वाढ एक चतुर्थांशाहून जास्त करू नये. एकच पुरावा असेल तर 16 चे 17. पाचव्या प्रकारात काहीही वाढवायचं नाही.

20 टक्के शक्यतेला करमुक्त बरोबरीचा भाव 4/1. पण पैजेच्या पूर्ण रकमेवर जीएसटी आहे; 1 ऑक्टोबर 2023 पासून तो 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला. 100 रुपयांच्या पैजेवर 40 रुपये आणखी गेले, तर खिशातून 140 गेले. 20 टक्के शक्यतेत ते वसूल व्हायला 140 भागिले 0.20, म्हणजे 700 रुपये परत यायला हवेत, भाव 6/1. त्याखाली भाव असेल तर तुमचा अंदाज बरोबर असूनही पैज तोट्याची. आणि जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर, अधिक उपकर आहे; 10,000 रुपयांपुढच्या बक्षिसावर तो तिथेच कापून घेतला जातो. हरलेल्या पैजा त्यातून वजा करता येत नाहीत.

हा हिशेब मांडल्यावर 'पहिल्यांदाच गेल्डिंग' म्हणून गाजवलेला घोडा बहुतेक वेळा सोडून द्यावा लागतो. गाजावाजा झाला की 8/1 चा भाव 9/2 वर येतो, आणि फायदा तिथेच संपतो. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या शर्यतीवर नजर ठेवणं जास्त शहाणपणाचं. पहिल्या शर्यतीत घोडा सहावा आला, पण लगामावर शांत होता, शेवटच्या 400 मीटरला पुढच्यांच्या जवळ येत गेला. निकालात फक्त '6' छापलं जातं, बाजार निराश होतो, भाव वाढतो. सवयी सुटायलाही तोवर वेळ मिळालेला असतो. चित्रफीत बघणाऱ्याला पैसे कमवायची खरी जागा इथे आहे.

रकमेचं बंधन आधी घाला. हंगामासाठी गमावली तरी घर चालेल एवढीच रक्कम बाजूला ठेवा आणि एका शर्यतीत तिच्या 1 ते 2 टक्क्यांहून जास्त लावू नका. हरलं म्हणून पुढच्यात दुप्पट लावणं हा सरळ बुडण्याचा रस्ता.

वही ठेवा: तारीख, मैदान, अंतर, खच्ची होण्याचा अंदाजे प्रकार, मधले दिवस, स्वतःची शक्यता, भाव, निकाल, आणि शेवटच्या 400 मीटरचा एका ओळीचा शेरा. पन्नास नोंदी झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. दहा घोड्यांच्या मैदानात सरासरी शक्यता 10 टक्के धरली तर पन्नासांत पाच विजय सहज अपेक्षित. आठ आले तरी तो निव्वळ नशिबाचा भाग असू शकतो.

घोडा नागपुरात आणणार असाल तर

मैदानावरून निवृत्त झालेले थरोब्रेड स्वारीसाठी घेणारे विदर्भात आहेत, आणि स्वस्तात मिळाला म्हणून खच्ची न केलेला कोल्ट घरी आणला जातो. लहान पागेत, शेजारी घोडी असताना, तो अननुभवी स्वारासाठी धोकादायक असतो. खच्ची करायचा असेल तर नागपुरात हवामान पाहूनच दिवस ठरवा. मेमध्ये पारा 45 अंशांना टेकतो. पावसाळ्यात माश्या आणि काळ्या मातीचा चिखल उघड्या जखमेचे वैरी. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम.

दोन्ही अंड खाली उतरली आहेत का हे आधी तपासून घ्या. एकच हाताला लागत असेल, तर घरच्या अंगणात हात घालू देऊ नका. त्याला पूर्ण भुलेची, सुसज्ज शस्त्रक्रियागृहाची गरज असते. सेमिनरी हिल्सवरचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय हे चौकशीचं पहिलं ठिकाण. एकच अंड काढून दुसरं आत ठेवलेला घोडा दिसायला गेल्डिंग आणि वागायला कोल्ट राहतो, आणि पुढच्या मालकाला फसवतो.

शस्त्रक्रियेनंतर सकाळ-संध्याकाळ ताप मोजा; 38.5 अंश सेल्सियसच्या वर गेला, सूज गुडघ्याकडे उतरू लागली, किंवा घोडा चारा सोडू लागला तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. पहिल्या दिवशी थेंब थेंब रक्त चालतं, जोवर थेंब मोजता येतात. धार लागून पंधरा मिनिटांत थांबली नाही, किंवा जखमेतून आतड्याचा वा पोटातल्या पडद्याचा भाग बाहेर दिसला, तर घोड्याला चालवू नका. ओल्या स्वच्छ चादरीचा झोळा करून खालून आधार द्या आणि पशुवैद्यक येईपर्यंत एक माणूस डोक्याशी उभा ठेवा. धान्य पहिल्या आठवड्यात निम्मं करा, कोरडा चारा आणि पाणी भरपूर. घोडीपासून किमान सहा आठवडे वेगळा ठेवा, कारण मागे राहिलेल्या वीर्याने तेवढ्या काळात घोडी गाभण राहू शकते.